उघाडीपलीकडचे पाणी

पावसाळा तोंडावर आला, की मुंबईच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी एक चौकट छापून येते. यंदा अमुक इतके दिवस समुद्रात साडेचार मीटरहून उंच लाटा उसळणार, तारखा आणि वेळा पुढीलप्रमाणे. या चौकटीतला ‘लाटा’ हा शब्द चुकीचा असतो. तो आकडा लाटेचा नसतो, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो. पण तेवढे कोण पाहतो? मुंबईकर ती यादी मरीन ड्राइव्हवर भिजायला कधी जायचे हे ठरवण्यासाठी वाचतो. आम्हा नवी मुंबईकरांसाठी मात्र तो शहराच्या सांडपाण्याचा जमाखर्च आहे, आणि बहुतेकांना त्याची कल्पना नाही.

याचे कारण आमच्या शहराच्या जन्मात आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ३४४ चौरस किलोमीटरचा टापू, त्यात ९५ गावे. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, आणि मध्ये जी सपाट पट्टी तिच्यात भातशेती, मिठागरे आणि खारफुटी. या सपाट पट्टीचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली होता. सगळी जमीन मातीचा भराव टाकून समुद्राच्या वर उचलायची तर खर्च आवाक्याबाहेर. म्हणून अभियंत्यांनी डच लोकांचा धडा गिरवला. भराव बेताचा ठेवला, खाडीकडे बांध घातला आणि बांधाच्या आत मोठाली तळी राखली. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी नाल्यांतून या तळ्यांत यायचे. तळ्याच्या तोंडाशी खाडीच्या बाजूला उघडणाऱ्या लोखंडी झडपा. भरती आली, की खाडीच्या पाण्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात, समुद्र आत येत नाही. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि साठलेले पाणी निघून जाते. वीज नाही, पंप नाही. चंद्र आणि गुरुत्वाकर्षण यांच्या भरवशावर चालणारे हे यंत्र आहे.

मी वाशीला राहायला आलो तेव्हा या तळ्याला काय म्हणतात हेही मला ठाऊक नव्हते. सरकारी कागदांत त्याला ‘धारण तलाव’ म्हणतात, लोक ‘होल्डिंग पाँड’ म्हणतात. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या दृष्टीने ती बगळे दिसण्याची जागा, आणि नाकाला रुमाल लावण्याचीही. पण पावसाळ्यात एखाद्या दिवशी, धो धो पाऊस आणि वर उधाणाची भरती असा योग जुळून आला, की तिथे जाऊन उभे राहावे. झडप मिटलेली असते. बांधाच्या पलीकडे खाडी चढत असते, अलीकडे तळे चढत असते. दोन पाण्यांच्या मधोमध एक लोखंडी फळी. आपले घर, आपली गाडी, तळमजल्यावरचे दुकान या सगळ्यांची मदार त्या फळीवर आणि ओहोटी वेळेवर लागण्यावर आहे, हे तिथे दोन मिनिटांत कळते.

ही युक्ती हॉलंडहून आली असे आपण समजतो. कोकणात मात्र ती कितीतरी जुनी आहे. रायगड जिल्ह्यातल्या कोणत्याही खारपट्ट्यात जा. बांधातल्या असल्या दाराला तिथे ‘उघाडी’ म्हणतात. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या तालुक्यांतल्या आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीच्या चिखलाचे बांध घालून समुद्राकडून जमीन मिळवली. ब्रिटिश अमदानीतल्या महसुली कागदांत अशा जमिनींना ‘शिलोत्री’ असे स्वतंत्र नाव आहे. त्या जमिनीत होणारा भात वेगळा, तिचे सारे शास्त्रच वेगळे. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र आहे ते याचसाठी. सिडकोचे अभियंते तळ्यांचे नकाशे आखत होते, तेव्हा त्यांच्या पायाखालच्या जमिनीत त्याच तत्त्वावर चालणाऱ्या उघाड्या आधीपासून होत्या. त्या बांधणाऱ्यांना कोणी काही विचारले नाही, हा भाग वेगळा.

या खारपट्ट्यातल्या शेतकऱ्यांकडून शिकण्यासारखा आणखी एक शब्द आहे: खांड. बांध फुटून त्याला जे भगदाड पडते ती खांड. बेलापूरच्या बाजूचे एक वयस्कर शेतकरी, ज्यांची जमीन नंतर शहरात गेली, मला खांडीचा हिशेब समजावून सांगत असत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते. त्या उधाणात खांड पडली, तर मधल्या भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढते तेव्हा, घरटी एक माणूस काढून ती बुजवायची. पुढचे उधाण यायच्या आत. तेवढे साधले, तर शेतात शिरलेले मीठ दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जाते आणि जमीन पुन्हा पिकते. साधले नाही, तर दर भरतीला पाणी आत घुसते, दर ओहोटीला कडेची माती ओरबाडून बाहेर काढते. खांड रुंदावते, तिचा तळ खोल होतो. मग एक दिवस असा येतो, की सारा गाव उतरला तरी ती बुजत नाही. पहिल्या महिन्यात चार घमेली चिखलाने जे झाले असते, ते दुसऱ्या वर्षी सरकारी निधीनेही होत नाही. शेतात खारफुटीचे बी येऊन रुजते आणि शेताची खाडी होते.

ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हे. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर आणि पुढे १९७९ च्या खारजमीन विकास कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावाकडून सरकारी खात्याकडे गेली. खाते आले, अंदाजपत्रके आली, निविदा आल्या. पण उधाण काही अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत थांबत नाही. पेण-अलिबागच्या पट्ट्यात कित्येक एकर शेती अशी खाडीत गेली. गणेशपट्टी नावाचे अख्खे गाव असेच गेले. बांध फुटला, आधी शेते खारी झाली, मग पाणी घरात आले, आणि माणसे उठून दुसरीकडे राहायला गेली.

खांडीची ही गोष्ट मी एवढी लांबवली, कारण पृथ्वीच्या हवामानाविषयी शास्त्रज्ञ गेली वीस-पंचवीस वर्षे जे सांगत आहेत ते हेच आहे. त्यांच्या इंग्रजी संज्ञेला मराठीत कोणी ‘निर्णायक बिंदू’ म्हणतात, कोणी ‘कलाटणीबिंदू’. मला खांड हा शब्द बरा वाटतो. बिंदू म्हटले, की काठावर उभे राहून पलीकडे पाहता येईल अशी एक रेघ डोळ्यांसमोर येते. खांड म्हटले, की काळ चालू आहे, पाणी दर बारा तासांनी आपले काम करीत आहे आणि आपल्या हातातले काम रोज महाग होत आहे, हे कळते.

ग्रीनलंडचे उदाहरण घ्या. तिथला बर्फाचा थर काही ठिकाणी तीन किलोमीटर जाड आहे, म्हणजे त्याचा माथा उंच डोंगरावरच्या थंड हवेत आहे. तो वितळून खाली बसू लागला, की माथा खालच्या उबदार हवेत येतो. त्यामुळे अधिक वितळतो. त्यामुळे आणखी खाली येतो. एका मर्यादेनंतर बाहेरची हवा पुन्हा पूर्वीइतकी थंड झाली, तरी हे थांबत नाही. पश्चिम अंटार्क्टिकात तर प्रकार आणखी खांडीसारखा आहे. तिथल्या बर्फाचा तळ समुद्रसपाटीच्या खाली टेकलेला आहे आणि आत जावे तसा तो उतरता आहे. कोमट पाणी एकदा खालून शिरले, की बर्फाची कड मागे सरते. मागे सरली, की पाण्याला आणखी जाड, आणखी खोल बर्फ सापडतो. थ्वाइट्स हिमनदीवर जगभरच्या संशोधकांचे लक्ष आहे ते यामुळे. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळायला शतके, कदाचित सहस्रके लागतील, पण तो गेला तर जगातले समुद्र सुमारे सात मीटरने चढतील. म्हणजे हजार वर्षांनंतरच्या माणसाचे किनारे कुठे असतील याचा निर्णय आपण या पाच-पन्नास वर्षांत घेत आहोत, आणि त्याला विचारायची सोय नाही.

सगळ्याच खांडी इतक्या सावकाश पडत नाहीत. उष्ण समुद्रातली प्रवाळे पाणी तापले, की पांढरी पडतात. २०२३ पासून जगभर त्यांचे जे विरंजन सुरू झाले, ते आजवरच्या नोंदींतले सर्वांत मोठे आहे, आणि २०२४ साली आपल्या लक्षद्वीपलाही ते भोगावे लागले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या पुढाकाराने जगभरच्या शास्त्रज्ञांनी जो अहवाल काढला, त्याने उष्ण समुद्रातल्या प्रवाळांची मर्यादा आपण ओलांडत आहोत असे स्पष्टच लिहिले. स्वीडनच्या योहान रॉकस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पृथ्वीच्या सुरक्षिततेच्या नऊ मर्यादा मांडल्या होत्या. २०२३ च्या तपासणीत त्यांतल्या सहा ओलांडल्या गेल्या होत्या, २०२५ मध्ये सातवी, समुद्राच्या आम्लतेची, गेली. १९५८ साली हवाईच्या मौना लोआ डोंगरावर कर्बवायूची मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. २०२४ साली ४२४ च्या आसपास होता. २०२४ हे जगाच्या सरासरी तापमानाने औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीवर दीड अंशाची चढण ओलांडलेले पहिले कॅलेंडर वर्ष ठरले. पॅरिसला २०१५ साली राष्ट्रांनी जी मर्यादा पाळण्याचा प्रयत्न करू म्हटले होते, तीच ही. एका वर्षाने करार मोडला असे होत नाही, हे खरे. पण पहिली खांडही एकाच उधाणात पडते.

आता हे सगळे वाशीच्या झडपेशी आणून जोडतो. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. या दीर्घ नोंदीत चढण दिसते ती वर्षाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम तीन इंच. एवढ्याने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु जगभरची चढण आता त्या गतीची राहिलेली नाही. १९९३ पासून उपग्रहांनी समुद्र मोजायला सुरुवात केली, तेव्हापासूनच्या तीन दशकांत वाढीचा वेग दुपटीने वाढून वर्षाला चार मिलिमीटरच्या पुढे गेला आहे. आंतरसरकारी हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे या शतकाच्या अखेरीस समुद्र, आपण फार शहाण्यासारखे वागलो तर एक फुटाच्या आसपास, आणि वागलो नाही तर एक मीटरपर्यंत चढलेला असेल.

एक फूट म्हणजे आमच्या झडपेसाठी काय? ढोबळ गणित कोणालाही मांडता येईल. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या समुद्राला साधारण चार मीटरची चढउतार असते आणि ती सहा-सव्वासहा तासांत पुरी होते. मधल्या टप्प्यात पाणी तासाला जवळजवळ एक मीटर या वेगाने उतरते. म्हणजे समुद्र एक फुटाने चढला, तर झडप अठरा-वीस मिनिटे उशिरा उघडेल आणि अठरा-वीस मिनिटे आधी मिटेल. एका ओहोटीमागे सुमारे चाळीस मिनिटे गेली, दिवसाच्या दोन ओहोट्यांमागे सव्वा तास. समुद्र एक मीटरने चढला, तर प्रत्येक ओहोटीतले दोन तास जातात. झडप तीच, तळे तेच, पाऊस तोच धरला तरी शहराला पाणी बाहेर काढायला मिळणारा वेळ आटतो. भांगाच्या दिवसांत पाणी मुळातच हळू उतरते, तेव्हा हा तोटा आणखी मोठा.

आणि पाऊस तोच धरायचा कशाच्या जोरावर? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांचे एक मूळ तापलेल्या अरबी समुद्रात आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण विसरलेलो नाही. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याला घासून गेले. तळ्यात आधी येत होते त्याहून अधिक पाणी, आधीपेक्षा कमी वेळात येणार, आणि बाहेर जायला आधीपेक्षा कमी वेळ मिळणार.

या जगद्व्यापी संकटापुढे एका शहराने काय करावे, असा प्रश्न विचारण्याआधी या शहराने काय केले ते पाहू. पारसिकच्या डोंगराला पाठीमागून दगडखाणींनी पोखरले. तुर्भे, नेरूळ, बेलापूरचे उतार सोलून निघाले. तो दगड, ती खडी खाली येऊन इमारतींत आणि भरावांत गेली. वर उघडा पडलेला डोंगर पावसाचे पाणी धरून ठेवीत नाही, माती मात्र धुऊन खाली पाठवतो, आणि ती माती धारण तलावांत बसते. डोंगर उचलून खाडीत घालणे हा या शहराचा मूळ उद्योगच आहे म्हणा ना.

त्याचा कळस म्हणजे उलव्याचा डोंगर. विमानतळासाठी सुमारे नव्वद मीटर उंचीचा हा डोंगर सुरुंग लावून खाली आणला गेला, त्याचा दगड आजूबाजूच्या सखल खाजणात भरला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि दहा गावे उठवण्यात आली. या प्रकल्पाला २०१० च्या नोव्हेंबरमध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्याआधी, २००९ मध्ये, किनारी नियमनाच्या नियमांतच दुरुस्ती करून घेतली होती. बेलापूरच्या पुढे गेले, की क्षितिजावर दिसणारी ती ओळखीची टेकडी मी वर्षावर्षाने बुटकी होताना पाहिली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. ही विमाने मुंबईला हवीच होती, असे म्हणणारे माझे शेजारी आहेत, आणि सांताक्रूझच्या धावपट्टीवरची गर्दी पाहता त्यांचे म्हणणे खोडून काढणे मलाही सोपे जात नाही. पण विमानतळ पुढेमागे दुसरीकडे बांधता येतो. डोंगर बांधता येत नाही.

इथे मी ज्या शब्दाशी थबकतो, तो ‘भरपाई’. नवी मुंबईचा इतिहास भरपाईचा इतिहास आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई-दास्तानच्या आंदोलनात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती न्याय्यच होती. तिच्यातही पुढे किती फाटे फुटले ते प्रकल्पग्रस्तांना विचारा. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरणजवळच्या बंदराच्या विस्ताराने उपजीविका गेलेल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे पावणेसहा लाखांच्या वर. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. माणसाचे नुकसान माणसाने भरून द्यावे, यात वाद नाही, आणि जेवढे मिळाले ते उशिरा मिळाले, अपुरे मिळाले.

पण पैसे दिले, की नुकसान भरून आले, हा हिशेब आपण हळूच खाडीलाही लावला. इथली खारफुटी तोडा, तिकडे वाघिवलीच्या बाजूला कांदळवन उद्यान करा. इथला पाणथळ बुजवा, तिकडे झाडे लावा. कागदावर बेरीज-वजाबाकी शून्य येते. जिताडा, बोयटे, निवटी, चिंबोरी या मंडळींना हा कागद वाचता येत नाही. ज्या नाळेतून भरती शिरत होती, ज्या चिखलात पिले वाढत होती, ती नाळ बुजली की मासा गेला. दिवाळे, सारसोळे, करावे इथल्या जुन्या कोळ्यांना विचारले, तर ते खाडीत पूर्वी काय मिळे त्याची यादी सांगतात. त्या यादीतली निम्मी नावे त्यांच्या नातवंडांनी बाजारातदेखील ऐकलेली नाहीत.

आकडे तर आणखी फसवे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या नोंदींप्रमाणे महाराष्ट्रातले कांदळवन २००५ साली १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०१७ साली ३०४ झाले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली, २०१२ साली वन खात्याचा कांदळवन कक्ष झाला आणि २०१८ च्या निकालाने ती मनाई पक्की झाली. या साऱ्याचे श्रेय त्या वाढीत आहे, ते नाकारू नये. पण त्या वाढीतला काही भाग म्हणजे खांडी पडून खाडी झालेली शेते आहेत, आणि काही भाग म्हणजे आपल्या गाळाने उथळ होत चाललेली ठाण्याची खाडी आहे. रोहित पक्ष्यांचेही तेच. ठाण्याच्या खाडीत लाखाच्या वर रोहित येतात याचा आम्हाला भारी अभिमान. महापालिका शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणते, पुलाखाली त्यांची चित्रे रंगवते. ते एवढ्या संख्येने येऊ लागले ते गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून, आणि त्याचे एक कारण म्हणजे आपल्या दोन्ही तीरांवरच्या शहरांचे सांडपाणी, ज्यावर त्यांचे शेवाळ पोसते. २०१५ साली तिथे अभयारण्य झाले, २०२२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला. हे चांगलेच झाले. फक्त ते गुलाबी थवे निसर्गाच्या आरोग्याचे प्रमाणपत्र आहेत, अशी समजूत करून घेऊ नये.

आता पुन्हा त्या तळ्यांकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे. अनेक वर्षे गाळ न उपसल्यामुळे धारण तलाव उथळ झाले. उथळ झाले म्हणून त्यांत खारफुटी उगवली. खारफुटी उगवली म्हणून गाळ उपसायला न्यायालयाची परवानगी लागू लागली. महापालिका म्हणते, गाळ काढू द्या, नाहीतर शहर बुडेल. पर्यावरणवादी म्हणतात, आज गाळाच्या नावाने तोडाल, उद्या तिथेच इमारत उभी कराल. मागचा अनुभव पाहता त्यांना खोटे कसे ठरवायचे? नेरूळला खाडीकाठच्या पाणथळावर गोल्फचे मैदान आणि घरे बांधायची योजना होतीच, २०१८ साली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. दोन्ही बाजूंचे बरोबर आहे, आणि मधल्या काळात तळे दर पावसाळ्यागणिक थोडे थोडे भरत चालले आहे. वेळेवर गाळ काढला असता, तर हा वाद जन्मालाच आला नसता. आता जे काढायचे त्यात झाडेही जाणार आहेत. माझे मत विचाराल तर तळ्यांतला गाळ काढावा, झाडांसकट काढावा, पण ती जागा कायमची पाण्याची म्हणून कागदावर बांधून घेतल्यावरच. त्यासाठी तळ्यांच्या कडेच्या भूखंडांवरून आधी हात उचलावा लागेल. तेच तर कोणाला नको आहे.

काही गोष्टी अजून चार घमेल्यांच्या हिशेबातल्या आहेत. नेरूळला डीपीएस शाळेमागे तीसेक एकरांचे तळे आहे. २०२४ साली तिथे भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली होती, तळे सुकत, कुजत गेले, आणि त्या उन्हाळ्यात आसपास रोहित मरून पडले. त्याच मे महिन्यात घाटकोपरजवळ एका थव्याला विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास पक्षी ठार झाले. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पाणजे, बेलपाडा, भेंडखळ, नेरूळचे दोन पाणथळ आणि भांडुपची एक जागा अभयारण्याला जोडून राखावी असे सुचवले आहे. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा पक्ष्यांना टेकायला ह्याच जागा उरतात. त्या गेल्या, तर पक्षी नाहीसे होत नाहीत, दुसरी सपाट जागा शोधतात, आणि उलव्याला आता एक भलीमोठी सपाट जागा आहे. डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ साली मान्यता दिली. त्या तळ्याला हवे होते ते एवढेच, की भरतीचे पाणी आत यावे आणि ओहोटीला बाहेर जावे. त्याला कोट्यवधी लागत नाहीत.

उरणच्या पाणज्याचा पाणथळ त्याहून कितीतरी मोठा, जवळजवळ २८९ हेक्टरांचा. तिथे भरतीचे पाणी मोकळेपणी येऊ द्यावे म्हणून मच्छीमार आणि पर्यावरणवादी संस्था वर्षानुवर्षे अर्ज करीत आल्या आहेत. समिती येते, पाहणी होते, अहवाल जातो. तोवर तिथला चिखल उन्हात तडकतो. जिथे पाणी पोहोचत नाही त्या कडेची झाडे आधी पिवळी पडतात आणि मग सुकतात. आणि वाळलेल्या जमिनीला पाणथळ कोण म्हणणार, असा युक्तिवाद त्या अर्जांच्या पाठोपाठ चालत राहतो.